कोपऱ्यावरच्या घराचा रविवार

खोबरेल तेल थिजलं की आमच्याकडे फॉल सुरू झाला असं मी धरते. झाडांवर माझा भरवसा नाही. दारातला मेपल कधी सप्टेंबरातच लाल होऊन बसतो, तर कधी हॅलोविन उलटून गेला तरी हिरवाच्या हिरवा. बाथरूमच्या फळीवरची ती निळी बाटली मात्र प्रामाणिक आहे. एका सकाळी ती उलटी धरली तरी थेंब येत नाही, आत पांढरा घट्ट गोळा दिसतो, आणि मी जिन्यातूनच ओरडते, "मिलिंद, तेल थिजलं रे, हीट वाढव."

यंदा परवा थिजलं. त्याच दिवशी कामावरून येताना पाहिलं तर गावभर लोकांच्या लॉनवर निवडणुकीच्या पाट्या उगवलेल्या. तारेच्या दोन काटकुळ्या पायांवर उभ्या, वारा आला की थरथरणाऱ्या. यंदा राष्ट्राध्यक्षाची निवडणूक, त्यामुळे पीक जोमदार आहे. लोक पाट्यांकडे कौतुकाने बघतात, एकमेकांना डोळ्यांनी खुणावतात. मी मात्र नजर वळवते. मला पाच वर्षांपूर्वीचा फॉल आठवतो आणि आमच्या स्वतःच्या लॉनवर उभी असलेली ती हिरवी पाटी आठवते.

तेव्हा आमच्या गावात रविवारी दुकानं बंद असायची. न्यू जर्सीतलं हे गाव तसं लहान, पण हायवेला लागून असल्यामुळे एक भलाथोरला मॉल आणि फर्निचर, कपडे, टीव्ही यांच्या दुकानांची लांबच लांब रांग गावाच्या वाट्याला आलेली. आठवडाभर तिथे पार्किंगसाठी मारामार. रविवारी मात्र सगळं कसं चिडीचूप. गावाचा जुना कायदाच होता तसा. रविवारी खाण्यापिण्याच्या वस्तू विका, औषधं विका, पेट्रोल आणि पेपर विका. कपडे, भांडी, फर्निचर, विजेच्या वस्तू यांना हात लावायचा नाही. असल्या कायद्यांना इथे ब्लू लॉ म्हणतात. त्यात निळं काय आहे ते मला आजवर कुणी धड सांगू शकलेलं नाही.

आम्ही नवीन होतो तेव्हा या कायद्याची गंमत वाटायची. सुपरमार्केटमध्ये रविवारी दूध मिळायचं, कोथिंबीर मिळायची, पण भांड्यांच्या रांगेच्या तोंडाशी पिवळी पट्टी बांधलेली असायची. पट्टीच्या पलीकडे तवे, पातेली, झारे सगळे जागच्या जागी मांडलेले, दिवे लावलेले, पण जायचं नाही. साताऱ्याहून आलेल्या माझ्या सासूबाई त्या पट्टीपाशी थबकल्या. "भांड्यांना सुतक आहे का गं?" त्यांनी विचारलं. मी खो खो हसले. पुढे आमच्या घरात तोच शब्द रूढ झाला. "आज सुतक आहे, मोजे उद्या आणू," असं आम्ही अगदी गंभीरपणे म्हणायचो.

मग मिलिंदची नोकरी गेली आणि गंमत संपली. तो पुण्याहून आलेला सॉफ्टवेअरवाला. त्या वर्षी आमच्या ओळखीतल्या निम्म्या घरांत कुणाची ना कुणाची नोकरी गेली होती. व्हिसावर असलेली मंडळी सामान विकून परत गेली. आमचं ग्रीन कार्ड नुकतंच आलं होतं, म्हणून आम्हाला राहता तरी आलं. वर्षभर हा गडी बेसमेंटमध्ये बसून अर्ज पाठवत राहिला. मी एका डेंटिस्टच्या ऑफिसात फोन घ्यायचे, त्यावर घर चालायचं. शेवटी पेठे काकांनी हायवेवरच्या एका फर्निचरच्या दुकानात शब्द टाकला. दुकानाचा मालक त्यांचा जुना शेजारी. पुढच्याच आठवड्यापासून मिलिंद टाय लावून लोकांना सोफे दाखवायला लागला.

पेठे काका म्हणजे आमच्या गावातले सगळ्यांत जुने मराठी. साठच्या दशकात आलेले, सिव्हिल इंजिनिअर, उभा जन्म या राज्यातले पूल बांधण्यात गेलेला. त्यांच्याबरोबर गाडीतून जाताना पूल आला की ते काचेवर टकटक करायचे आणि म्हणायचे, "हा माझा." आम्ही नवीन असताना स्टीअरिंग धरायला मला त्यांनीच शिकवलं. सानिका जन्मली तेव्हा हॉस्पिटलमध्ये डबा काकूंनी आणला. काका रिटायर झाले आणि पाठोपाठ काकू गेल्या. मुलगा कॅलिफोर्नियात. मोठ्या घरात एकटे काका आणि काकूंच्या हातच्या मसाल्याची, वर्षानुवर्षं पुरवून वापरलेली बरणी.

मिलिंदला दुकान सोमवार ते शनिवार. रात्री तो यायचा तेव्हा सानिका झोपलेली असायची, सकाळी ती शाळेला निघायची तेव्हा हा झोपलेला. बाप आणि लेक एकाच छपराखाली राहून एकमेकांना चिठ्ठ्या लिहायचे. फ्रिजच्या दारावर ती लिहायची, "बाबा आय गॉट अ स्टार." त्याखाली रात्री हा एक चांदणी काढून ठेवायचा. रविवारी मात्र कायद्याने दुकान बंद, आणि तो अख्खा दिवस तिचा.

त्या रविवारांना तेलाचा वास होता. थिजलेली बाटली मिलिंद गरम पाण्याच्या भांड्यात उभी करायचा. सानिका स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी, जिथे उन्हाचा चौकोन पडायचा, तिथे पाटावर बसायची. दहा वर्षांची पोर, केस कमरेपर्यंत, आणि ते मी विंचरायला घेतले की किंचाळून घर डोक्यावर घ्यायची. बाबाच्या हातात मात्र गुपचूप. तो तळहातावर तेल घ्यायचा, तिच्या टाळूवर थापायचा आणि मग बोटांनी सावकाश जिरवत बसायचा. घाई म्हणून नाही. ती आठवडाभराचं सगळं तेव्हा सांगायची. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाच्या डब्यात काय असतं, मॅथ्स किती वाईट आहे. निम्मं इंग्रजीत, निम्मं मराठीत, आणि बाबाचा हात थांबला की "डोन्ट स्टॉप." मी पोहे परतत असायचे आणि पाठ फिरवून ऐकायचे. त्या तासाभरात मला या देशात कशाचीही कमी वाटत नसे.

मला त्या रविवाराचं एवढं का वाटायचं, हे सांगायला मागे जावं लागेल. माझे वडील भारतात आमच्या गावी कापडाच्या दुकानात नोकरीला होते. बाजारपेठेची सुट्टी सोमवारी. आमची शाळेची सुट्टी रविवारी. वडिलांचा मोकळा दिवस आणि आमचा मोकळा दिवस यांची कधी गाठच पडली नाही. रविवारी ते दुकानात गिऱ्हाइकांसमोर ताग्यांवर तागे उलगडत असत. सोमवारी दुपारच्या सुट्टीत ते शाळेच्या कुंपणापाशी येऊन उभे राहायचे, खिशात भाजलेल्या शेंगा. मी धावत जायचे, शेंगा घ्यायचे आणि मैत्रिणींकडे पळायचे. ते घंटा होईपर्यंत उभे असायचे. आपल्या मुलीच्या बापाचा रविवार तिचा असला पाहिजे, असं काहीतरी तेव्हापासून माझ्या मनात घट्ट बसलेलं आहे.

तर त्या फॉलला गावाच्या कौन्सिलने ठरवलं की रविवारबंदीचा कायदा ठेवायचा की काढून टाकायचा हे नोव्हेंबरात लोकांच्या मतावर सोडायचं. आणि गाव पेटलं. एरवी एकमेकांना हवापाण्याखेरीज काही न विचारणारी माणसं बँकेच्या रांगेत हमरीतुमरीवर आली. कुणी म्हणे, पलीकडच्या गावात रविवारी झुंबड असते, आपला टॅक्स बुडतो. कुणी म्हणे, आठवड्यातून एक दिवस मला माझ्या ड्राइव्हवेमधून गाडी बाहेर काढता येते, तोही घेणार का? माझ्या डेंटिस्टच्या खुर्चीत तोंड उघडं टाकून पडलेला पेशंटसुद्धा यावर बोलायचा प्रयत्न करायचा. लॉनवर पाट्या आल्या. कायदा ठेवा म्हणणाऱ्यांच्या निळ्या, काढा म्हणणाऱ्यांच्या हिरव्या.

आम्हाला मत नव्हतं. ग्रीन कार्डवाल्याने टॅक्स भरायचा, लॉन कापायचा आणि निकाल ऐकायचा. दुकानात मॅनेजरने सांगून टाकलं होतं की कायदा गेला तर रविवार हा धंद्याचा सगळ्यांत मोठा दिवस होणार, तेव्हा विक्रीवाल्यांनी त्या दिवशी हजर राहायचं आणि सुट्टी मधल्या वारी घ्यायची. मिलिंदने हे मला रात्री जेवताना सांगितलं. "मंगळवारी सुट्टी देतील," तो म्हणाला. मंगळवारी सानिका शाळेत, मग व्हायोलिन, मग होमवर्क. मला शाळेचं ते कुंपण दिसलं.

पुढच्याच रविवारी सकाळी बेल वाजली. मिलिंदचे हात मनगटापर्यंत तेलात, सानिका पाटावर, म्हणून दार मी उघडलं. पेठे काका. डोक्यावर लोकरीची टोपी, एका हातात रबरी हातोडा, बगलेत दोन हिरव्या पाट्या.

"मिलिंद आहे ना?" ते आत येत म्हणाले. "अरे, तुमचं घर कोपऱ्यावर. दोन्ही रस्त्यांवरून दिसतं. मी कालच त्या कमिटीच्या लोकांना म्हटलं, कोपऱ्यावरचं घर आपलंच आहे. एक लावू ना?"

मिलिंदने वर पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. आपल्याकडे अशा वेळी डोळ्यांनी जे बोलणं होतं ते सगळं झालं. मग तो म्हणाला, "लावा की काका. त्यात विचारायचं काय?"

"तुझ्याही फायद्याचं आहे बरं का," काका म्हणाले. "रविवारी ओव्हरटाइम मिळेल. मी तुझ्या मालकाशी बोलून ठेवतो."

"थँक यू काका," मिलिंद म्हणाला. "चहा घेऊन जा."

ते बाहेर गेले. खिडकीतून हातोड्याचे ठोके ऐकू यायला लागले. सानिका मान वर करून बाबाकडे बघत होती, तेलाचा एक ओघळ तिच्या कपाळावर आलेला. "बट बाबा, दॅट साइन मीन्स यू हॅव टू वर्क ऑन संडे."

"हळू बोल," मिलिंद म्हणाला.

"देन व्हाय डिड यू से येस?"

"काका आहेत ते आपले."

"सो?"

मिलिंदने पुन्हा तळहातावर तेल घेतलं. भीड म्हणजे काय हे ज्याच्या अंगात नाही त्याला सांगायचं कसं? ज्याने नोकरी मिळवून दिली, ज्याच्या बायकोने बाळंतपणात डबे आणले, ज्याला आपण काका म्हणतो, तो हातोडा घेऊन दारात उभा असताना नाही म्हणायला जी जीभ लागते ती आमच्या घराण्यात कुणाला नव्हती. दुसरा कुणी असता तर मीच पाटी उपटून त्याच्या गाडीत टाकली असती. मी तापट आहे, सगळ्यांना माहीत आहे. पण मी मुकाट्याने आलं किसलं आणि काकांना आवडतो तसा कडक चहा केला. पाटी ठोकून ते आले, टोपी काढून बसले, दोन लाडू खाल्ले. गावात ज्यांचा रविवार जाणार होता, त्यांच्याच दारात रविवार उघडा करा म्हणणारी पाटी दिमाखात उभी राहिली.

समोरच्या घरातल्या आजीबाईंच्या लॉनवर निळी पाटी होती. त्यांनी रस्ता ओलांडून येऊन मला सांगितलं की आपली मतं वेगळी असली तरी मी तुमच्या मताचा आदर करते. मी मान हलवली. काय करणार? माझी मान तेव्हा कशालाही हलत होती.

पानं गळत राहिली. मी ती गोळा करायला लॉनवर जायचे तेव्हा रेक त्या पाटीला अडखळायचा. एकदा जोराचा वारा आला आणि पाटी आडवी झाली. मी खिडकीतून बघितलं आणि मनापासून आनंदले. संध्याकाळी काका चालत चालत आले, त्यांनी ती उचलून पुन्हा ठोकली आणि बेल वाजवून सांगून गेले, "पडली होती हो. बरं झालं मी बघितली."

मतदानाच्या आधी टाऊन हॉलमध्ये सभा झाली. ज्याला बोलायचं त्याने माइकपाशी जायचं, नाव आणि पत्ता सांगायचा आणि बोलायचं. त्याला मताधिकार लागत नव्हता, गावात राहणं पुरेसं होतं. मिलिंद दुकानात. मी जायचं ठरवलं. दोन-तीन वाक्यं मनात घोळवून ठेवली होती: माझा नवरा दुकानात काम करतो, माझी मुलगी दहा वर्षांची आहे, तिला तिचा बाप एकच दिवस दिसतो. एवढंच. इंग्रजीतून पाठ केली होती, ऑफिसात बाथरूमच्या आरशासमोर म्हणूनही पाहिली होती. आणि गाडी होती एकच, ती मिलिंदकडे. तेव्हा मला सभेला न्यायला आले पेठे काका.

हॉल गच्च भरला होता. एका कपड्याच्या दुकानदाराने सांगितलं की त्याच्या धर्माप्रमाणे त्याचं दुकान शनिवारी बंद आणि गावाच्या कायद्याप्रमाणे रविवारी बंद, तर त्याने धंदा करावा कधी? मग एक कॉलेजातली मुलगी म्हणाली की तिला फक्त शनिवार-रविवारीच काम करता येतं. प्रत्येकाचं ऐकताना मला ते बरोबर वाटायचं. रविवार एक आणि तो सगळ्यांना हवा, कुणाला उघडा तर कुणाला बंद. मी माझी वाक्यं मनात धरून बसले होते.

तेवढ्यात काका उठले. अंगातला कोट काढून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला आणि माइकपाशी गेले. मला वाटलं, आता ते टॅक्सबद्दल बोलणार, पुलांबद्दल बोलणार. काका त्यांच्या त्या जुन्या, स्वच्छ इंग्रजीत म्हणाले की मी रिटायर्ड आहे, माझी पत्नी गेली. डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितलं आहे. थंडीत बर्फावर मी चालू शकत नाही, म्हणून मी मॉलमध्ये चालतो. तिथे लोक असतात. कुणी ओळखीचं नसतं, पण असतात. सोमवार ते शनिवार मी ठीक असतो. माइकमधून त्यांचा श्वास ऐकू आला. "संडे इज अ व्हेरी लाँग डे," एवढं बोलून ते परत आले.

खुर्चीत बसल्यावरही त्यांनी कोट परत घेतला नाही. अध्यक्षीणबाईंनी विचारलं, आणखी कुणाला बोलायचं आहे का? काकांचा जड लोकरी कोट माझ्या मांडीवर होता, त्याला काकूंच्या कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास येत होता. मी उठून काय सांगणार होते? की माझ्या मुलीला तिचा बाप हवा म्हणून या माणसाने घरात एकट्याने भिंतीकडे बघत बसावं? आजही मी ते भाषण जुळवून बघते. आजही ते जुळत नाही. बाईंनी दोनदा विचारलं आणि सभा संपली.

गाडीत काका म्हणाले, "जरा जास्तच बोललो का गं मी?"

"नाही काका," मी म्हणाले.

आता वाटतं, रविवारी त्यांना घरी बोलावणं एवढं सोपं होतं. ये-जा होतीच. पण रविवार आम्हा तिघांचा, त्यात चौथं माणूस नको, असं न बोलता ठरलेलं होतं. एवढा एकच दिवस तर होता. आणि बोलावलं असतं तरी काका आले असते का, कुणास ठाऊक. "तुमचा एक दिवस असतो, मी कशाला मध्ये," असं म्हणून टोपी चढवून निघाले असते. भीड त्यांनाही होतीच की. आम्ही सगळे एकाच मातीचे.

कायदा गेला. थोडक्या मतांनी गेला, पण गेला. सकाळी सात वाजता फोन वाजला. मिलिंदने उचलला आणि पलीकडचा काकांचा उत्फुल्ल आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला, "अभिनंदन! जिंकलो आपण!"

"हो ना काका," मिलिंद म्हणाला. "अभिनंदन."

फोन ठेवून तो फ्रिजच्या दाराकडे बघत उभा होता. मला कुणावर तरी भयंकर चिडायचं होतं. काकांवर चिडून बघितलं, जमेना. मालकावर चिडावं तर त्याने नोकरी दिलेली. गावावर चिडावं तर गावाने आम्हाला काही विचारलंच नव्हतं. शेवटी मी बाहेर जाऊन ती पाटी उपटली. तारेचे पाय गारठलेल्या मातीत घट्ट रुतले होते. उपटताना तळहाताला खरचटलं आणि मी तिथेच रडले. समोरच्या आजीबाई खिडकीतून बघत होत्या. ही जिंकून का रडतेय, असं त्यांना वाटलं असेल.

नव्या वर्षात दुकानं रविवारी उघडली. पहिल्या रविवारी मिलिंद टाय बांधून निघाला तेव्हा सानिका नाइट ड्रेसमध्ये जिन्यावर बसली होती. तेलाची बाटली मी गरम पाण्यात ठेवली, तिला पाटावर बसवलं, जमेल तेवढं हळू जिरवलं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "इट्स ओके आई. यू डोन्ट हॅव टू." उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने केस खांद्यापर्यंत कापून घेतले. सोपं पडतं म्हणाली. ते खरंच होतं.

संध्याकाळी मिलिंद यायचा आणि मी विचारायचे, कसा गेला रविवार? "काका आले होते," तो सांगायचा. दर रविवारी यायचे. मॉलमध्ये चालून झालं की हायवेवरच्या दुकानात यायचे आणि दाराजवळच्या तपकिरी सोफ्यावर बसायचे. गिऱ्हाईक नसलं की मिलिंद त्यांना मशीनचा चहा आणून द्यायचा आणि दोघं बोलत बसायचे. पुलांबद्दल, काकूंबद्दल, गावाकडच्या गोष्टी. काकांचा चेहरा सुधारला होता, रंग आला होता. तो सोफा विकला गेला तेव्हा मिलिंदने त्यांना दुसरा दाखवून ठेवला. सानिकाचा रविवार असा काकांना मिळाला, आणि त्यांना तो कुठून आला हे कधी कळलं नाही. आम्हीही कधी कळू दिलं नाही.

दिवस कुणासाठी थांबत नाहीत. मिलिंदला पुन्हा सॉफ्टवेअरमध्ये नोकरी लागली, शनिवार-रविवार सुट्टीची. आम्ही सिटिझन झालो, हात वर करून शपथ घेतली, छोटे झेंडे मिळाले. यंदा मी मत देणार आहे. नमुन्याची मतपत्रिका पोस्टाने आली तेव्हा मी ती पाठपोट वाचून काढली. राष्ट्राध्यक्ष आहेत, शाळेचं बोर्ड आहे, कुठल्याशा कर्जरोख्यांचा प्रश्न आहे. रविवारचं कुणी काही विचारलेलं नाही. कशाला विचारतील? आता तर लोकांना आठवतही नाही की इथे कधी बंद असायचं.

तेल परवा थिजलं, तर काल रविवारी सकाळी मिलिंदने भांड्यात पाणी गरम करून बाटली त्यात उभी केली. सानिकाने गेल्या वर्षापासून पुन्हा केस वाढवले आहेत. ती खाली आली ती काळी पँट, काळा शर्ट आणि छातीवर नावाची पट्टी लावून. सोळावं लागलं की मुलांनी आपल्या खर्चापुरतं कमवावं अशी इथली पद्धत आणि ती मला पटते. मॉलमधल्या एका कपड्याच्या दुकानात तिला काम मिळालं आहे. शाळा आणि व्हायोलिन सांभाळून फक्त रविवारचं.

"तेल लावू का?" मिलिंदने विचारलं. "पाचच मिनिटं."

"बाबा, आय वर्क विथ कस्टमर्स," ती हसून म्हणाली आणि त्याच्या गालाला गाल लावला. "नेक्स्ट संडे. नो, नेक्स्ट संडे सेल आहे. आपण थँक्सगिव्हिंगला लावू, ओके?"

तो तिला सोडायला गेला. दुपार झाली तरी परत आला नाही. संध्याकाळी तिला घेऊनच आला. मी विचारलं, "होतास कुठे?" तर म्हणाला, "पेठे काका भेटले मॉलमध्ये. त्यांच्याबरोबर दोन चकरा मारल्या. त्यांना आता दम लागतो, मग बसलो बाकावर." बाक कुठला, ते सानिकाने सांगितलं. तिच्या दुकानाच्या बरोबर समोरचा. काचेतून ती शर्टांच्या घड्या करत होती आणि समोर हे दोघं बसून तिच्याकडे बघत होते. काकांनी तर हातसुद्धा हलवला.

"आई, टेल हिम," ती मला बाजूला घेऊन म्हणाली. चिडलेली नव्हती, कानकोंडी झाली होती. "माय मॅनेजर आस्क्ड मी, हू आर दोज टू मेन. प्लीज, तिथे नका बसू म्हणावं."

मी सांगितलं. मिलिंद म्हणाला, "बरोबर आहे तिचं." मग हात धुऊन जेवायला बसला. जेवताना त्याने काकांना फोन लावला आणि मी ऐकलं, तो म्हणत होता, "काका, पुढच्या रविवारी आपण कारंज्याच्या पलीकडच्या बाकावर बसू. मी बघून आलोय. तिथून दुकान दिसतं, दुकानातून बाक दिसत नाही."